न फिरवलेला बाण

बाटलीवरचं लेबल मागच्या बाजूला गेलं होतं म्हणून बर्नडीनने बाटली फिरवली, आणि नाव वाचल्यावर तिचा हात बाटलीवरच राहिला. सी. प्रुइट. नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात, निळ्या शाईत. मिलवॉकीच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत रोज साठ-सत्तर बाटल्या येत. जुन्या घरांचे शिशाचे नळ शहर बदलत होतं, आणि नळ बदलण्याआधी एकदा व बदलल्यावर एकदा प्रत्येक घरातलं लिटरभर पाणी इथे तपासलं जाई. बाटलीवरची नावं वाचायचं तिला काही कारण नसे. ती क्रमांक बघे, तारीख बघे, पाणी किती वाजता भरलं ते बघे. प्रुइट आडनावाची माणसं या शहरात पुष्कळ असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं ‘सी’ने सुरू होत असतील. हे सांगून होतंय तोच दारातून आवाज आला, “बाई, पावतीवर सही राहिली तुमची,” आणि तिने वर बघितलं. खांदे रुंद झाले होते, पोट किंचित सुटलं होतं, दाढीत दोन-तीन पांढरे केस होते. पण पावती पुढे करणारे ते हात तिने ओळखले. एकोणीस वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी, तिच्यापासून वीस फुटांवर, त्या हातांनी चेंडू धरून ठेवला होता.

सही करताना तिने तारीख चुकवली. खोडून पुन्हा लिहिली, खोडल्याजागी आद्याक्षरं टाकली. चूक खोडताना आद्याक्षरं टाकायची हा प्रयोगशाळेचा नियम, आणि नियम पाळताना तिला नेहमी बरं वाटे. तेवढ्यात तो फ्रिजपाशी जाऊन उभा राहिला होता. फ्रिजच्या दारावर मार्च महिन्यातला तक्ता अजून चिकटवलेला होता. कॉलेजांची बास्केटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली की अमेरिकेतल्या प्रत्येक कचेरीत असा तक्ता लागतो. चौसष्ट नावांपासून सुरुवात, मग बत्तीस, मग सोळा, आणि शेवटी मधल्या चौकोनात एकच नाव. ज्याने त्याने आपापले अंदाज भरायचे आणि पहिल्या दोन दिवसांतच कपाळाला हात लावायचा. आता मे उजाडला होता आणि कुणीतरी त्या मधल्या चौकोनावर पिझ्झावाल्याचं चुंबक लावलं होतं.

“तुमचा कुठला यातला?” त्याने विचारलं.

“मी भरत नाही.”

“का हो? घरच्या संघाचं काम करता म्हणून?” तो हसला. “मी ओळखलं तुम्हाला. टीव्हीवर दिसता. व्यावसायिक संघांच्या प्लेऑफमध्ये गुण लिहायच्या टेबलावर बसता ना, काळा कोट घालून? माझी बायको म्हणते, ती बाई सबंध मॅचभर एकदाही हसत नाही.”

“हसलं की मोजदाद चुकते,” बर्नडीन म्हणाली.

“बरोबर आहे. पण खरं सांगू, मला ते प्लेऑफ बघवत नाहीत. सात-सात मॅचेस! हा खेळ झाला की कोर्टातला खटला? आज हरले, परवा बघू. परवा हरले, तेरवा बघू. वकिलांसारखे दमतात नुसते. मजा मार्चमध्ये. एक हरलात की बॅग भरा. पोरं रडतात बघा, खरीखुरी. प्लेऑफमध्ये कोण रडतं?”

तिने पावती त्याच्या हातात दिली. तो मंगळवारी आणि गुरुवारी येणार होता. पाणीखात्यात बदली होऊन त्याला दोन आठवडे झाले होते, आधी तो रस्ते खणणाऱ्या तुकडीचा मुकादम होता. हे सगळं त्याने दारात उभं राहून आपणहून सांगितलं, आणि जाताना म्हणाला, “मीही खेळलोय एकदा त्यात. इथेच, आपल्या शहरात. केटल रिज कॉलेजकडून. सांगेन कधीतरी, हसायला मिळेल तुम्हाला.”

तो गेल्यावर तिने बाटल्यांमध्ये आम्ल घातलं. आम्ल घातलेलं पाणी सोळा तास तसंच ठेवायचं, म्हणजे बाटलीच्या कडेला चिकटलेलं शिसं सुटून पाण्यात येतं. घाई केली तर आकडा कमी येतो आणि घरात विष असून पाणी चांगलं ठरतं. ही सोळा तासांची वाट बघणं तिला आवडे. आज मात्र हातमोजे काढून ती नुसती बसून राहिली. तिच्या तळहाताला ती लाकडी चौकट आठवत होती, हातभर लांब, वर लाल बाण रंगवलेला. आता सगळीकडे दिव्याचा बाण असतो, बटण दाबलं की उलटतो. त्या वर्षी मात्र त्या मैदानातला दिवा बिघडला होता आणि कुणीतरी तळघरातून ही जुनी चौकट शोधून आणली होती. कॉलेजच्या खेळात दोघांच्या हातात एकच चेंडू अडकला, कुणाचाच सुटेना, की पंच शिट्टी वाजवतात आणि टेबलाकडे बघतात. टेबलावरचा बाण ज्या संघाच्या दिशेला, चेंडू त्या संघाचा. चेंडू एकदा त्यांना देऊन झाला की टेबलावरच्या माणसाने बाण फिरवायचा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्यांचा. एवढं सोपं. व्यावसायिक खेळात बाण नसतोच. तिथे दोघांना समोरासमोर उभं करून चेंडू वर उडवतात, ज्याची उडी उंच त्याचा. त्या दुपारनंतर बर्नडीनने कॉलेजच्या लोकांना गुडघ्याचं कारण लिहून टेबलाचं काम सोडलं आणि दोन वर्षांनी व्यावसायिक संघाच्या टेबलावर जाऊन बसली. गुडघा असा काय होता, की कॉलेजच्या खुर्चीत दुखत होता आणि या खुर्चीत दुखत नव्हता, हे तिला कुणी विचारलं नाही.

गुरुवारी तो आला तेव्हा पाऊस पडून गेला होता आणि त्याच्या बुटांना लाल चिखल होता. त्याने बूट दारात काढले आणि मोज्यांवर आत आला. बर्नडीनला ते पाहून तिच्या लहानपणचा चर्चचा हॉल आठवला. तिथे फादर काझिमिर पोरांना बूट काढून खेळायला लावत, जमीन खराब होऊ नये म्हणून. तिचे चारही भाऊ खेळत आणि ती भिंतीशी बाकावर बसून वही भरे. वडील चामड्याच्या कारखान्यातून परस्पर तिथे येत, त्यांच्या कपड्यांना तो उग्र वास असे, आणि भावांपैकी कुणी गुणांवरून भांडायला लागला की ते म्हणत, “बर्नीच्या वहीत काय आहे ते सांगा. बाकी बडबड नको.” नऊ वर्षांची होती ती. आपल्या वहीत आहे ते खरं, ही जाणीव तिला आई-बापाच्या मायेपेक्षाही जास्त ऊब देई. पुढे रसायनशास्त्र शिकली, तिथेही तेच. फक्त तिथल्या शिक्षकांनी एक गोष्ट वाढवून दिली: एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. तीनदा मोजायचं, तिन्ही जुळले तर बोलायचं. बर्नडीनने हे इतकं मनावर घेतलं की लग्नाला विचारणाऱ्या माणसालाही तिने सहा महिने थांबवलं. तिला खात्री होईपर्यंत तो ग्रीन बे शहरात बदली होऊन गेला.

“सांगू का हसायची गोष्ट?” बाटल्या मांडता मांडता प्रुइट म्हणाला. “चौथं वर्ष माझं. केटल रिज म्हणजे बाराशे पोरांचं कॉलेज, मक्याच्या शेतात. आमचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. आणि समोर कोण, तर ते भलंमोठं विद्यापीठ, त्यांच्या बॅण्डमध्येच आमच्या वर्गापेक्षा जास्त माणसं. सात सेकंद राहिले होते आणि आम्ही एका गुणाने पुढे. एका! त्यांचा नेम चुकला, चेंडू उडाला, मी धरला. माझ्या अंगावर त्यांची तीन माणसं. आता काय करायचं?”

“पास द्यायचा,” बर्नडीन म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

“सगळे हेच म्हणतात. माझा सासरा अजून थॅंक्सगिव्हिंगच्या जेवणात म्हणतो, ‘पास द्यायचास रे कॉर्नेल, टर्की कापतोयस तसा चेंडू कशाला धरून बसलास?’” तो हसला, आणि मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाला, “पण मी मुद्दाम धरून बसलो होतो, बाई. त्या पोराचे हात चेंडूवर आले आणि मी ओढाओढ केलीच नाही. म्हटलं, धर तू पण. घट्ट धर. कारण बाण आमचा होता. मी मोजलं होतं. मध्यंतरानंतर पहिला चेंडू त्यांना मिळाला, म्हणजे पुढचा आमचा. मधे एकदाही अडकाअडकी झाली नाही. सबंध अर्धा वेळ मी डोक्यात ते धरून होतो: पुढचा आमचा, पुढचा आमचा. शिट्टी वाजली तेव्हा मी हसलो होतो, फोटो आहे तसा पेपरातला. आणि मग टेबलाकडे बघितलं तर बाण त्यांचा!”

बर्नडीनने बाटलीचं झाकण घट्ट केलं. ते आधीच घट्ट होतं.

“म्हणजे माझी मोजणी चुकली. दोनपर्यंत मोजायचं होतं फक्त. एक त्यांचा, एक आमचा. तेवढं जमलं नाही.” त्याने हात झटकले. “त्यांनी रेषेबाहेरून चेंडू आत टाकला, त्यांच्या एका लाल केसवाल्याने उडी मारून बास्केट केली, संपलं. आमच्या कोचने मला नंतर मदतनीस म्हणून बोलावलं होतं कॉलेजात, खूप चांगला माणूस. मी नाही म्हणालो. काय सांगणार पोरांना? तेव्हापासून घरातून निघताना मी शेगडी दोनदा बघतो. बायको म्हणते, गोठ्यातली गाय आहे का ती, सुटून जायला? पण नाही राहवत. आपण बंद केली असं वाटतं, तेव्हा तर खात्रीच वाटत नाही.”

त्याने पुढचं सांगितलं तेही हसत हसतच. उत्तर भागातल्या एका शाळेच्या मुलींच्या संघाला कोच हवा होता. मुख्याध्यापिका तीनदा घरी येऊन गेल्या होत्या. त्याची भाची त्या संघात होती, ती तर रोज फोन करून म्हणे, मामा, तू नाही आलास तर गणिताचे मास्तर शिकवणार आहेत, त्यांना चेंडू कुठल्या बाजूने धरायचा तेही कळत नाही. पुढच्या बुधवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. “नाही म्हणूनच सांगणार आहे,” तो म्हणाला. “तिथेही बाण असतो ना. शेवटच्या सेकंदाला एखादी पोरगी माझ्याकडे बघणार, मामा, आता कुणाचा? आणि मी काय, तुमच्या टेबलाकडे बघू?”

त्याने बूट घातले, लेस बांधली, उठला. बर्नडीन म्हणाली, “मिस्टर प्रुइट.” तो वळला. “सव्वीस नंबरच्या बाटलीवर वेळ लिहिली नाही तुम्ही,” ती म्हणाली. त्याने वेळ लिहिली आणि गेला.

खरं काय झालं ते तिला इतक्या वेळा आठवलं होतं की आता त्यात आठवणं थोडं आणि पाठ झालेलं जास्त असावं. मध्यंतराला बाण विद्यापीठाचा होता. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, उजवीकडचे डावीकडे जातात, म्हणून बाण विद्यापीठाचाच ठेवायचा तरी तो हाताने उलटा करावा लागतो. ते तिने केलं. मग खेळ सुरू झाला, विद्यापीठाने चेंडू आत टाकला. आता बाण पुन्हा फिरवायचा, रिजच्या दिशेला. त्याच वेळी कुणीतरी तिला पाण्याचा कागदी पेला दिला, की घड्याळवाला ऑगी काही बोलला, की एखाद्याचा नंबर वहीत लिहायचा होता, हे तिला कधीच नीट आठवलं नाही. एवढंच आठवे की चौकटीकडे लक्ष गेलं आणि हाताने सांगितलं, फिरवला की मघाशी. हात खोटं बोलत नव्हता. त्याने एकदा फिरवला होताच. दोनदा फिरवायला हवा होता. पुढची वीस मिनिटं तो लाल बाण चुकीच्या दिशेला तोंड करून तिच्या कोपरापाशी उभा होता, आणि सबंध मैदानात बरोबर मोजणारा एकच माणूस होता.

पण ही झाली चूक. चुकीबद्दल माणसाला स्वतःला क्षमा करता येते, निदान वयोमानाने तरी. पंचांनी टेबलाकडे बघितलं, बाण बघितला, विद्यापीठाच्या बाजूला हात केला. रिजच्या बाकावरून कुणी ओरडत होतं, पण अठरा हजार माणसांच्या आवाजात त्यांची तोंडं नुसती उघडत-मिटत होती. तेव्हा बर्नडीनची नजर वहीवर गेली. बाणाचा चेंडू कुणाला गेला ते ती वहीच्या समासात लिहून ठेवी; तिथे, तिच्याच बारीक अक्षरात, दुसऱ्या अर्ध्याच्या सुरुवातीला विद्यापीठ असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली काहीच नव्हतं. म्हणजे आता पाळी रिजची; वही बाणाच्या विरुद्ध बोलत होती. पंचांच्या हातात चेंडू होता. ते रेषेकडे चालत गेले, चेंडू टाकणाऱ्या विद्यापीठाच्या पोराला मागे सरकायला सांगितलं, मग चेंडू त्याच्या हातात दिला. या सगळ्याला चार सेकंद लागले असतील. चेंडू मैदानात पडेपर्यंत चूक सुधारता येते, पडल्यावर येत नाही. ऑगीच्या हाताखाली भोंग्याचं बटण होतं. तिने फक्त ‘ऑगी’ म्हणायचं होतं. तिचा हात टेबलावरून वीतभर सरकला. आणि तिच्या मनाने, शिकलेल्या, शिस्तीच्या मनाने, म्हटलं: एकच मोजणी आहे ही. मधली एखादी अडकाअडकी समासात लिहायची राहिली असेल. हात म्हणतोय फिरवला. खात्री नसताना अठरा हजार माणसांसमोर खेळ थांबवायचा? चेंडू आत पडला. लाल केसांच्या पोराने उडी मारली. मग रिजचा तो मुलगा मधल्या वर्तुळात बसला, आणि तिने वहीत शेवटचे दोन गुण लिहिले, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सही केली.

रविवारी दुपारी व्यावसायिक संघाची तिसरी मॅच होती. शहराचा संघ दोन हरलेला होता आणि तरीही लोक सॉसेज खात, हिरव्या टोप्या घालून, हसत आत येत होते. बर्नडीनला हे प्लेऑफ पहिल्या वर्षापासून आवडले ते यासाठी. इथे चूक पाण्यात पडलेल्या थेंबासारखी असे, पुढच्या मॅचेस येऊन तिला पातळ करून टाकत. एका वर्षी तिने एका खेळाडूच्या नावावर एक फाउल जास्त मांडला होता, सकाळी तिच्या लक्षात आलं, तिने कळवलं, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही, कारण परवा पुन्हा खेळायचं होतं. सात वेळा मोजून जो चार वेळा जास्त भरतो तो चांगला. याला ती शास्त्र म्हणे. आज मात्र तिला वाटलं की या शास्त्राच्या आडोशाला आपण सतरा वर्षं निवांत बसून राहिलो. सात मॅचेसची भरपाई तिला मिळत होती. ज्याची एकच मॅच होती तो रस्ते खणत होता.

ऑगी क्लेमेट चौऱ्याहत्तर वर्षांचा होता आणि अजून घड्याळ तोच चालवी. मध्यंतरात तो डब्यातून बायकोने दिलेली गाजरं काढून खाई आणि समोरच्या सॉसेजवाल्याकडे विरहाने बघे.

“ऑगी,” ती म्हणाली, “केटल रिजची मॅच आठवते?”

“मला काल काय जेवलो ते आठवत नाही.”

“ऑगी.”

त्याने गाजर डब्यात ठेवलं. “आठवते,” तो म्हणाला. “तुझा हात माझ्या भोंग्याकडे आला होता.”

तिने त्याच्याकडे बघितलं. सतरा वर्षं ही दोघं इथे शेजारी बसत होती.

“मी वाट बघत होतो, तू काही म्हणशील म्हणून. बोट बटणावरच होतं माझं. मग विचारलं तुला, काय झालं? तू म्हणालीस, काही नाही.”

“मग पुन्हा का नाही विचारलंस?”

“अगं, तू बर्नी,” ऑगी म्हणाला. “तू काही नाही म्हणालीस म्हणजे काही नाही. तुला कोण दोनदा विचारणार?” थोडा वेळ त्याने समोर नाचणाऱ्या मुलींकडे बघितलं. मग म्हणाला, “सोड आता. ती पोरं आजोबा व्हायला आली असतील. आपले लोक आज जिंकतायत बघ. आणि नाही जिंकले तर मंगळवारी आहेच.”

मंगळवारी प्रुइट दहा बाटल्या घेऊन आला. बर्नडीन रात्री कपाटाच्या तळातून वहीच्या पानाची कार्बनची प्रत काढून घेऊन आली होती. स्कोअर लिहिणाऱ्याकडे एक प्रत राहते, तो रिवाजच आहे. कागद पिवळा पडला होता, पण समासातलं अक्षर वाचता येत होतं. तिने तो घडी न घालता टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवला. ती मनात वाक्यं जुळवत होती आणि सगळी वाक्यं अहवालासारखी होत होती.

“तुमची मोजणी बरोबर होती,” ती म्हणाली.

“कुठली, बाटल्यांची? दहाच आहेत.”

“बाण तुमचा होता. मी फिरवायला विसरले. त्या टेबलावर मी होते.”

तिने कागद पुढे सरकवला, समासावर बोट ठेवलं, मध्यंतर, दोन वेळा फिरवणं, हाताची आठवण, सगळं क्रमाने सांगितलं. तो कागदावर वाकून ऐकत होता. एकदा त्याने ओठ हलवून काहीतरी मोजलं. मग मोठा श्वास सोडला, आणि त्या श्वासाबरोबर त्याचे खांदे इतके खाली आले की तिला वाटलं हा आता हसेल.

“एक त्यांचा, एक आमचा,” तो म्हणाला.

“हो.”

“म्हणजे मी वेडा नव्हतो.”

“नव्हतात.”

त्याने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, पुन्हा खाली ठेवला. “अहो, होतं असं,” तो म्हणाला, जवळजवळ मायेने. “दोनदा फिरवायचा, एकदा राहिला. कुणाचंही होईल. तुम्हाला कधी कळलं हे? नंतर? घरी गेल्यावर?”

प्रश्न त्याने सहज विचारला होता. त्यातच त्याने उत्तरही ठेवलं होतं, खुर्ची पुढे करावी तसं, तिने नुसतं बसायचं होतं. घरी गेल्यावर, म्हटलं असतं की झालं. तो हसला असता, सासऱ्याला सांगितलं असतं, पुढच्या गुरुवारी बाटल्या घेऊन आला असता आणि फ्रिजवरच्या तक्त्यावरून तिची थट्टा केली असती. खिडकीबाहेर सरोवराचं पाणी करडं दिसत होतं. तिच्या लक्षात आलं की हीसुद्धा एकच मोजणी आहे, आणि या खेपेला तिला खात्री आहे.

“तेव्हाच,” ती म्हणाली. “चेंडू पंचांच्या हातात होता तेव्हा.”

“म्हणजे आत टाकायच्या आधी?”

“आधी.”

त्याने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही. बाटलीतलं पाणी स्वच्छ दिसतं आणि तरी आत काय आहे ते कळत नाही, तसं बघत होता. “किती सेकंद होते?” त्याने विचारलं.

“चार.”

“चार सेकंदांत माझा दादा मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाऊन बास्केट करायचा,” तो म्हणाला. “चार सेकंद खूप असतात, बाई.”

“हो.”

“हा कागद मी नेऊ?”

“तुमचाच आहे.”

त्याने कागद शर्टाच्या आत, छातीशी सपाट ठेवला, दुमडू नये असा. बूट घातले. या वेळी लेस बांधली नाही. दारातून त्याने मागे वळून बघितलं, आणि तिला वाटलं आता तो काहीतरी बोलेल, काहीही, शिवीसुद्धा चालली असती. तो म्हणाला, “पावतीवर सही केलीत ना?” तिने केली होती.

गुरुवारी दुपारी नेहमीच्या वेळेला दार उघडलं आणि एक ठेंगणी, तोंडाची चुरचुरीत बाई बाटल्यांचा क्रेट कमरेवर घेऊन आत आली. छातीवरच्या पट्टीवर व्हेगा असं नाव होतं. “कुठे ठेवू हे?” ती म्हणाली. “आणि इथे लिफ्ट का नाही हो? माझ्या कमरेचा मुडदा पडला.”

“मिस्टर प्रुइट आले नाहीत?”

“त्याने बदलून घेतलं. मंगळवार-गुरुवार दुपार सोडा म्हणाला साहेबांना, पहाटेची पाळी घेतो. शाळेत जातो म्हणे, पोरींना खेळ शिकवायला. सीझन नोव्हेंबरात, आणि याची आत्तापासून लगबग. काल जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर बाण काढून आम्हालाच शिकवत होता!” तिने क्रेट टेबलावर आदळला. बाटल्या एकमेकींवर आपटून वाजल्या. “सुधारलाय एकदम माणूस.”

बर्नडीनने हातमोजे घातले. “माझ्याबद्दल काही म्हणाले?” तिने विचारलं.

“तुमच्याबद्दल?” व्हेगा थांबली. “नाही बाई. का, काय झालं?”

“काही नाही,” बर्नडीन म्हणाली.

व्हेगा पावती घेऊन गेली, तिच्या पायांचा आवाज जिन्यावरून खाली खाली जात राहिला. टेबलावर बाटल्या वेड्यावाकड्या उभ्या होत्या, अर्ध्यांची लेबलं मागे गेलेली. बर्नडीनने त्या एकेक करून फिरवल्या, नाव समोर येईल अशा. सगळ्या फिरवून झाल्यावर तिने पहिल्या बाटलीपासून पुन्हा सुरुवात केली आणि प्रत्येकीवर बोट ठेवून, ती फिरवली आहे ना, ते पाहिलं.